भविष्यवाणी झाली होती, तरी आई गेली. पुढचं काहीच ठाऊक नसताना ख्रिस्ती माणसाने रोज विश्वासाने जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई कॅन्सरने गेली. त्याआधी प्रार्थनासभेत एका भगिनीने "प्रभूने मला दाखवलंय, ती उठणार" असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि आता त्याच सभेतले काहीजण म्हणतात की घरच्यांचा विश्वास कमी पडला. वर मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर रोज शेवटच्या काळाचे व्हिडिओ, आणि नोकरी राहते की जाते याचा पत्ता नाही. मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जुन्या मिशनच्या मंडळीत वाढलेली, सध्या पुण्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. त्या बेताने वाचा.

"विश्वास कमी पडला" हे आधी निकालात काढू. प्रेषित पौलाच्या हातून किती आजारी बरे झाले ते बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहेच. तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता सांगतो की आपला सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. का बरा झाला नाही, कोणाचं काय चुकलं, एक अक्षर नाही. पहिल्या पत्रात त्याच तीमथ्याला तो पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही हे करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, लिहितो. तुम्हाला कोणी विश्वासाचं माप काढून दाखवलं, तर त्रफिमाचं काय ते त्यांनाच विचारा.

आता भविष्यवाणी. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २८वा आणि २९वा अध्याय एका बैठकीत वाचा, शक्यतो मोठ्याने. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतली हजारो माणसं बाबेलला नेली. काही वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात याजकांसमोर आणि लोकांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, मंदिराची पात्रंसुद्धा. यिर्मया काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर असंच करो." मला हे फार आवडतं. त्यालाही तेच हवं होतं. पण पुढे तो म्हणतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याचं खरंखोटं ते घडल्यावरच कळतं. बाबेलच्या राजाखाली मान वाकवा हे दाखवायला यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलेलं असतं; हनन्या चिडून ते ओढून मोडतो, आणि यिर्मया गुपचूप निघून जातो. तिथल्या तिथे भांडत नाही. लाकडी जू मोडलंस, आता लोखंडी येईल, हे देवाचं उत्तर नंतर येतं.

त्याच सुमाराला यिर्मयाने बाबेलातल्या लोकांना पत्र पाठवलं. आपल्या घराघरांतल्या ख्रिस्ती कॅलेंडरांवर छापलेलं ते "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत" हे वचन याच पत्रातलं. पण त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं आहेत, ते कॅलेंडरवाले छापत नाहीत. सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक बाबेलातच मरणार. आणि अशा लोकांना देव सांगतो की घरं बांधून राहा, मळे लावून त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ज्याने घरदार लुटलं त्याच्याच शहरासाठी! रोजचा विश्वास कसा असतो असं मला कोणी विचारलं, तर मी या चार ओळी दाखवते.

शेवटच्या काळाचंही तसंच. थेस्सलनीकाच्या मंडळीत लोक नेमके तुमच्यासारखेच गोंधळले होते. माणसं मरत होती आणि येशू अजून परत आला नव्हता. पौल त्यांना रडू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखं रडू नका म्हणतो. त्याच पत्रात शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, हाताने काम करा असंही सांगतो, आणि शेवटाकडे म्हणतो की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळं पारखून घ्या. तरी काहींनी कामधंदा सोडलाच असावा, कारण दुसऱ्या पत्रात त्याला ठणकावून लिहावं लागलं की काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. अठराशे वर्षांनंतर अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी येशूच्या परत येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. २३ तारीख उजाडली. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द येशूने सांगून ठेवलं असताना आपले युट्युबवाले बंधू कसला हिशोब मांडतात ते त्यांनाच ठाऊक.

आपल्या मातीतलं माणूस हवं असेल तर पंडिता रमाबाई बघा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची जागृती, झालं, देशोदेशी त्याची चर्चा झाली, आणि रमाबाई पुन्हा हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करायच्या कामाला लागल्या. मुली छपाईचे खिळे जुळवत होत्या, छापखाना चालू होता. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढचं सगळं जिच्या हाती सोपवायचं होतं तीच गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलपर्यंत जगल्या आणि भाषांतराचंच काम करत राहिल्या. ते बायबल छापून बाहेर पडलं १९२४ साली.

माझं थोडं सांगते. माझे यजमान २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. दफनाला मोजकी माणसं, पाळकसाहेबांची प्रार्थना मास्कमधून अर्धीच ऐकू आली. नंतर फोनवर वचनं पुष्कळ आली. पण आमच्या मंडळीतल्या एक मावशी एक दिवस पिशवी घेऊन दारात आल्या. पिशवीत मृत्यूदाखल्याच्या झेरॉक्स, आधार, पासबुक, गोंदाची बाटली आणि फोटो. "चल, पेन्शनचं काम आज करून टाकू." बँकेत दोन काउंटरवरून परत पाठवलं, तर त्या तिसऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी देवाचं नावसुद्धा काढलं नाही. उपासना असते ती यापेक्षा वेगळी असते असं मला वाटत नाही.

मी स्वतः रोज काय करते म्हणाल, तर फार काही नाही. सकाळी चहाआधी एक स्तोत्र. पहिलं वर्षभर ८८वंच वाचायचे, कारण ते अंधारातच संपतं, शेवटी ओढूनताणून आनंद आणत नाही. देवाच्या पुस्तकात असं स्तोत्र आहे म्हणजे देवासमोर तसं बोलायला मुभा आहे. बोला. आई गेल्याचा राग आला तर तोही बोला. रात्री जेवताना एका आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करते, आणि आठवड्यात जमेल तेव्हा त्याच्याकडे जाऊन येते. नोकरीसाठी प्रार्थना जरूर करा, पण अर्जही त्याच दिवशी पाठवा आणि चार ओळखीच्यांना फोन लावा. बाबेलातले लोक मळे लावत होते ते हेच.

राहिली ती भगिनी. तिचा बहुधा तुमच्या आईवर जीव होता, आणि मनातली इच्छा आणि देवाचा आवाज यांत तिची गल्लत झाली. एकटीला गाठून शांतपणे सांगा, "तुम्ही असं म्हणालात, आई गेली, मला त्याचा फार त्रास झाला." पुढे आणखी काही बोलायला जाऊ नका. तिने तरी विश्वासावर बोट ठेवलंच, तर पाळकांना भेटा. करिंथकरांना पौलाने सांगितलंय की दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी पारख करावी. कोणाच्या आजारपणाबद्दल सभेत उभं राहून असं सांगण्याआधी वडीलमंडळींनी ते पारखावं, एवढी मागणी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि दुसऱ्या कोणाच्या घरात असंच आजारपण असेल, तर केमो किंवा गोळ्या कोणाच्याही संदेशावरून बंद करू देऊ नका.

ग्रुप म्यूट करा, सोडू मात्र नका. कोण दवाखान्यात आहे, कोणाकडे मयत झालंय, हे त्याच ग्रुपवर कळतं, आणि तिथे डबा पोचवायचा असतो.