ऑस्करला ‘पाठवलेला’ सिनेमा आणि ‘नामांकन मिळालेला’ सिनेमा यांत फरक काय? मराठी माणसाला कधी ऑस्कर मिळालंय का?

फरक खूप मोठा आहे. मला तो सातवीत असताना, २६ जानेवारीच्या सकाळी, शाळेच्या मैदानावर कळला.

तुम्ही विचारलंय की ‘अमुक भारतीय सिनेमाला ऑस्करचं नामांकन’ अशी बातमी जवळजवळ दर वर्षी दिसते, मग आजवर भारताची तीनच नामांकनं झाली असं का म्हणतात? आधी तेवढं सांगतो, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

२००४ साली ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला. नातवाला डोळ्यांचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दृष्टी जाणार, आणि त्याला गावाहून शहरातल्या दवाखान्यात घेऊन आलेले आजोबा. संदीप सावंत यांच्या या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं होतं. ‘श्यामची आई’ला पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळायला पन्नास वर्षं लागली होती. पण अमेरिकेत खेळ लावायचे, तिथल्या मतदारांपर्यंत पोचायचं, जाहिराती द्यायच्या तर पैसा लागतो, आणि तो या मंडळींकडे नव्हता. मग महाराष्ट्रभर मदत गोळा होऊ लागली. आमच्या वर्गातही पत्र्याचा डबा फिरला, गणपतीच्या वर्गणीसारखा. मी खाऊच्या पैशांतली दहाची नोट टाकली. बाई फळ्याच्या कोपऱ्यात रोजची जमा लिहायच्या.

२५ जानेवारी २००५ला नामांकनं जाहीर झाली. लॉस एंजेलिसला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आपल्याकडे संध्याकाळचे सात. परभाषिक गटात पाच नावं होती: स्पेनचा ‘द सी इनसाइड’, जर्मनीचा ‘डाउनफॉल’, फ्रान्सचा ‘द कोरस’, स्वीडनचा ‘ॲज इट इज इन हेवन’ आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘यस्टरडे’. ‘श्वास’ नव्हता. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर मी बाईंना विचारलं, “बाई, आपल्याला नॉमिनेशन मिळालं होतं ना? मग काढून का घेतलं?” बाई म्हणाल्या, “अरे, मिळालं नव्हतंच. आपण नुसता अर्ज केला होता.”

नेमकं हेच बातम्यांमधून गळतं. दर वर्षी प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवू शकतो. आपल्याकडे फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती तो निवडते. त्याला प्रवेशिका म्हणायचं. सप्टेंबरच्या आसपास ‘ऑस्करवारी’चे मथळे येतात ते या प्रवेशिकेचे. जगभरातून आलेल्या अशा सिनेमांतून डिसेंबरात पंधरांची छोटी यादी निघते. (ही यादीसुद्धा अलीकडची. ‘श्वास’च्या वेळी ती नव्हती, थेट पाचच नावं यायची.) आणि त्या पंधरांतून जानेवारीत जे पाच निवडले जातात, त्यांनाच नामांकन मिळालं असं म्हणता येतं. ‘श्वास’नंतर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे दोन मराठी सिनेमे भारतातर्फे गेले. दोन्ही प्रवेशिकेपाशीच थांबले. गुजराती ‘छेल्लो शो’ २०२२च्या डिसेंबरात पंधरांत पोचला, पाचांत नाही.

घोटाळ्याची आणखी एक जागा आहे. जानेवारी २०२३मध्ये ‘मी वसंतराव’ ऑस्करच्या यादीत अशी बातमी फिरली आणि माझ्या फोनवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज येत होते. राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केलेला हा सिनेमा मला जीव की प्राण आहे, त्यामुळे आनंद मलाही झाला. पण ती यादी पात्र सिनेमांची होती, आणि तिच्यात ३०१ नावं होती. अमेरिकेत ठरलेल्या शहरांत किमान सात दिवस खेळ झाले, अर्ज आणि कागदपत्रं नीट भरली, की नाव त्या यादीत येतं. निवडणुकीत अर्ज छाननीत वैध ठरावा, तसं. तिथवर पोचायलाही खर्च आणि खटपट आहेच, मात्र नामांकन त्याच्या बरंच पुढे असतं.

आता ती तीन नामांकनं. परभाषिक चित्रपटासाठी स्पर्धेचा स्वतंत्र गट १९५६च्या सिनेमांपासून सुरू झाला. त्याआधी काही वर्षं नुसता मानाचा पुरस्कार द्यायचे. पुढच्याच वर्षी ‘मदर इंडिया’ पाचांत आला आणि फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’कडून हरला. ‘एका मताने हुकलं’ असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मीही ते पुष्कळांना सांगितलंय. पण कुणाला किती मतं पडली हे ऑस्कर देणारी अकादमी जाहीरच करत नाही, त्यामुळे हल्ली मी ते सांगत नाही. दुसरा मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’. मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांचा हा सिनेमा १९८९च्या सोहळ्यात डेन्मार्कच्या ‘पेले द काँकरर’समोर होता. तिसरा ‘लगान’, तो २००२च्या सोहळ्यात बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’कडून हरला. तेव्हाचा नियम असा की पाचही सिनेमे थिएटरात बसून पाहिलेत हे दाखवल्याशिवाय या गटात मतच देता येत नसे. आशुतोष गोवारीकर आणि आमिर खान म्हणूनच अमेरिकेत मुक्काम ठोकून होते. पावणेचार तासांचा, क्रिकेटचा सिनेमा, ज्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नाही अशा माणसांना बसून पाहायला लावायचा होता! तो पाचांत आला हेच मला आजही थोर वाटतं.

मात्र ‘तीनच’ हे या एका गटापुरतं आणि देशाच्या नावापुरतं. दीपा मेहतांच्या ‘वॉटर’लाही नामांकन होतं. तो हिंदीत असला तरी गेला कॅनडातर्फे. माहितीपटांत तर आपली नोंद बरीच जुनी आहे, फिल्म्स डिव्हिजनचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ १९६९मध्ये नामांकनात होता. अलीकडे ‘रायटिंग विथ फायर’ आणि ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला नामांकन मिळालं, ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ने ऑस्करची बाहुलीच आणली. त्याच २०२३च्या सोहळ्यात ‘नाटू नाटू’ला गाण्याचं ऑस्कर मिळालं, आणि ‘आरआरआर’ तर भारताची प्रवेशिकाही नव्हता. निर्मात्यांनी तो दुसऱ्या वाटेने, सर्वसाधारण गटांत उतरवला होता.

नामांकन ठरवतं कोण, हा माझ्या आवडीचा भाग. अकादमीचे सुमारे दहा हजार सभासद आहेत आणि ते सगळे सिनेमाच्या धंद्यातले. त्यांच्या कामाप्रमाणे शाखा आहेत. नामांकनाच्या फेरीत नटांची नावं नट सुचवतात, संकलकांची संकलक, संगीतकारांची संगीतकार. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळेच सुचवतात. अंतिम फेरीत सगळ्यांना सगळ्या गटांत मत असतं. म्हणून मी नामांकनाला फार मान देतो. ज्याने आयुष्यभर कात्री चालवली, त्याने दुसऱ्याच्या कात्रीला दिलेली ती दाद असते.

आणि मोजणी कशी होते हे आपल्याला अमेरिकी माणसापेक्षा लवकर कळेल, कारण विधान परिषदेच्या निवडणुकीत आपण ती पाहतो: पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मतपत्रिकेवर दहा सिनेमांना पसंतीचे क्रमांक द्यायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसतील, तर तळाचा सिनेमा बाद करतात आणि त्याची मतं त्या त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला देतात. असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या पुढे जातो. त्यामुळे थोड्यांना वेड लावणाऱ्या आणि बाकीच्यांना न रुचणाऱ्या सिनेमाचं कठीण होतं. पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असणारा पुढे सरकतो. दहा नावं ठेवायची पद्धतही जुनीच: १९४४च्या सोहळ्यात ‘कॅसाब्लांका’ जिंकला तेव्हा दहा होती, मग सहा दशकांहून जास्त काळ पाच, २००९च्या सिनेमांपासून पुन्हा दहा. मध्ये काही वर्षं पाच ते दहा अशी बदलती होती.

सुरुवात अगदी साधी होती. १६ मे १९२९, हॉलीवूडमधलं रूझवेल्ट हॉटेल, जेवणाचं तिकीट पाच डॉलर, आणि बक्षीस वाटप पंधरा मिनिटांत उरकलं. विजेत्यांची नावं तर तीन महिने आधीच जाहीर झाली होती. पुढे वर्तमानपत्रांना नावं आधी द्यायचे, रात्री अकराला छापायच्या बोलीवर. १९४०मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दैनिकाने ती संध्याकाळच्याच अंकात छापली, आणि पाहुणे सोहळ्याला आले ते निकाल वाचूनच. १९४१पासून बंद पाकीट आलं. ‘अँड द ऑस्कर गोज टू’च्या आधी जो श्वास रोखला जातो, त्याचं मूळ हे असं एका फुटलेल्या बातमीत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, मिळालंय. आणि भारतीय म्हणून पहिलं ऑस्कर मराठी बाईचंच: भानू अथय्या. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, १९२९चा, म्हणजे ज्या वर्षी पहिला सोहळा झाला त्याच वर्षीचा. वडील अण्णासाहेब चित्रकार. भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मग सिनेमाच्या कपड्यांकडे वळल्या. ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांनी काम केलं. मोलो लष्करी गणवेशांचे जाणकार, भारतीय माणसांचा पेहराव भानूताईंकडे. तो सिनेमा पुन्हा पाहा आणि फक्त कपडे पाहा. दक्षिण आफ्रिकेतला सुटाबुटातला वकील पंचापर्यंत कसा येतो, कस्तुरबांच्या साड्या कशा बदलत जातात, आणि मागच्या गर्दीतल्या प्रत्येकाचं पागोटं, टोपी, धोतर त्याच्या त्याच्या प्रांताचं कसं वाटतं. १९८३च्या त्या सोहळ्यात वेशभूषेच्या गटात समोर ‘ला त्राव्हियाता’, ‘सोफीज चॉइस’, ‘ट्रॉन’ आणि ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ होते. ‘गांधी’ला एकूण ११ नामांकनं होती, त्यांत संगीतासाठी पंडित रविशंकरांचंही एक. पंडितजींचं हुकलं, भानूताईंना मिळालं. पुढे ‘लगान’चे कपडेही त्यांचेच.

ती बाहुली साडेतेरा इंचांची, वजन साडेआठ पौंड. जवळजवळ तीस वर्षं ती भानूताईंच्या घरी होती. उतारवयात त्यांना काळजी लागली की आपल्यामागे ती इथे नीट जपली जाईल का, आणि २०१२ साली त्यांनी ती अकादमीकडे परत पाठवली. भानूताई २०२०च्या ऑक्टोबरात मुंबईत गेल्या. कोल्हापूरच्या मुलीचं ऑस्कर पाहायचं तर आज अमेरिकेला जावं लागतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.