फाउंड्रीची लिंक मित्रांकडे उघडत नसेल तर आधी राउटरमधला आयपी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि डोकं परत तापलं, तुमच्यावर नाही, त्या कस्टमर केअरवर. फाउंड्री (मित्रांसोबत ऑनलाइन रोलप्लेइंग गेम खेळायचं सॉफ्टवेअर, आपल्याच मशीनवरून चालतं) विकत घेतलं, ३०००० पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरमध्ये वाट उघडली), फायरवॉलमध्ये परवानगी दिली, घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर गेम मस्त उघडतो, पण नाशिक आणि डब्लिनच्या मित्रांकडे नुसतं चक्र फिरतंय आणि इंटरनेटवाले म्हणतायत 'सर आमच्याकडून सगळं ओके आहे'. सेम टू सेम माझी स्टोरी. बाकी सेटिंग परत सांगत बसत नाही, ती तुम्ही बरोबरच केली असणार.

राउटरच्या पानावर लॉगिन करून 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट स्टेटस' जे काय असेल तिथला आयपीचा (इंटरनेटवरच्या पत्त्याचा) आकडा बघा, मग गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाकून येतो तो बघा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर विषय संपला, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. ही रेंज २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलीय, कारण आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या ढीगभर गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) देतात, यालाच सीजीनॅट म्हणतात. म्हणजे सोसायटीचा पत्ता बरोबर, कुरियरवाला गेटपर्यंत येतोय, पण पाकिटावर फ्लॅट नंबर नाही म्हणून वॉचमन त्याला परत पाठवतोय, तुम्ही आपल्या दारावर कितीही पाट्या लावा. (आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक फायबरवाल्याचा डबा आणि तुमचा राउटर एकामागे एक लागलेत, डबा ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटर करेल. १० ने सुरू होत असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं.)

आता माझ्या इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसबद्दल, नाव घेत नाही. फोनवर पहिलं उत्तर राउटर रीस्टार्ट करा, दुसरं उत्तर स्पीड टेस्ट करा. मी घसा फोडून सांगतोय की बाहेरून आत येणारं कनेक्शन अडतंय, ती बाई विचारतेय 'पण सर डाउनलोड शंभर येतोय ना?' मग घरी एक पोरगा आला, स्वभावाने चांगला होता बिचारा, त्याने फायबरची पिन काढली, पुसली, परत लावली आणि म्हणाला फोनवर ओटीपी आलाय तो सांगा. तो तक्रार बंद करायचा ओटीपी होता! तो जिना उतरायच्या आत 'इश्यू रिझॉल्व्ड' असा मेसेज हजर. तेव्हा ओटीपी मागितला की आधी म्हणायचं, तुझ्या मोबाईल डेटावर माझी लिंक उघडून दाखव.

पुढे त्यांनीच स्टॅटिक (न बदलणारा) आयपी गळ्यात मारला, वर्षभराचे पैसे आगाऊ. राउटरमध्ये बघतो तर तोच जुना १०० वाला. ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला, 'हे बघा, सिस्टिमला ॲक्टिव्ह दाखवतंय'. अहो सिस्टिमला दाखवतंय पण राउटरला कुणी सांगितलंच नाही त्याचं काय! रिफंड पॉलिसीत बसत नाही हे ऐकून घरी आलो. स्टॅटिक घ्यायचाच असेल तर पब्लिक आहे का आणि बाहेरून येणारे पोर्ट उघडे असतील का हे ईमेलवर लिहून घ्या, आणि महिन्याच्या बोलीवर मिळत असेल तरच घ्या. सगळीकडे असंच असतं असं नाही, काहींना एका फोनवर पब्लिक आयपी मिळालेला मी पाहिलाय.

माझं मत विचाराल तर त्या वाटेला जाऊच नका. क्लाउडफ्लेअर टनेल वापरा, म्हणजे तुमच्या मशीनवरचा गेम त्यांच्या सर्व्हरमार्फत मित्रांपर्यंत पोहोचवणारी सोय. त्यात कनेक्शन तुमच्या मशीनमधून बाहेर जातं त्यामुळे सीजीनॅट असला काय नसला काय, फरक पडत नाही. अकाउंट न काढताही तात्पुरती लिंक मिळते, फक्त ती दर वेळी बदलते, स्वतःचं डोमेन असेल तर पत्ता कायमचा. फुकट प्लॅनवर एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या फायली टनेलमधून न चढवता लोकलहोस्टवरून (त्याच मशीनच्या ब्राउझरमधून) चढवा. टेलस्केल (आपल्या आपल्यात खाजगी नेटवर्क बनवणारं व्हीपीएन) पण उत्तम आहे पण ते प्रत्येक प्लेअरला इन्स्टॉल करावं लागतं, आणि ज्यांना दोन वर्षं खेळून आपलं कॅरेक्टर शीट सापडत नाही ते व्हीपीएन काय टाकणार. पैसे टाकायची तयारी असेल तर फोर्जसारखं होस्टिंग (गेम त्यांच्याच सर्व्हरवर चालतो) घ्या, शांत झोप लागेल. आणि हो, गेम नेटवर उघडा टाकताय तर ॲडमिन पासवर्ड आणि प्रत्येक प्लेअरचा वेगळा पासवर्ड ठेवाच.

एवढं करून मॅप उघडायला वेळ लागला तर दोष तुमच्या अपलोड स्पीडचा, कारण प्रत्येक मित्राकडे मॅप तुमच्याच घरातून जातो. पीएनजी मॅप वेबपीमध्ये (हलका इमेज फॉरमॅट) बदला, साइज बघून हसाल. रोल२० (फाउंड्रीसारखीच दुसरी साइट) साठी बनवलेले मॅप बहुतेक ७० पिक्सेलच्या चौकोनाचे असतात, फाउंड्रीत ग्रिड साइजला आधीच १०० भरलेलं असतं, तो आकडा बदलला नाही तर ग्रिड जुळत नाही. आवाजासाठी डिस्कॉर्डच बरं, साध्या एचटीटीपीवर ब्राउझर माइक कॅमेरा देतच नाही. मॅपवर गावांची नावं मराठीत हवी असतील तर मुक्ता फाँट टाकून घ्या, आपल्या मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा आहे, फुकट आहे आणि जोडाक्षरं छान दिसतात. सेशनच्या दिवशी अपडेटचं बटण दाबू नका, मेजर व्हर्जन बदललं की जुनी मॉड्यूल्स (ॲड-ऑन) चालतीलच असं नाही, डेटा फोल्डरची कॉपी ठेवा. डब्लिनवाल्या मित्राचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक तास सरकतं, आपलं नाही, तेव्हा वेळ डिस्कॉर्डच्या टाइमस्टॅम्पने टाका म्हणजे ज्याला त्याला आपापली वेळ दिसते.

मी नेटवर्किंगवाला नाही हं, अकाउंट्समध्ये आहे, जाणकारांनी चुकलं तिथे दुरुस्त करावं. राउटरमधल्या आयपीचे पहिले दोनच आकडे इथे टाका, पूर्ण आयपी टाकू नका, मग बघू. आणि सेशन या रविवारीच असेल तर यात डोकं घालू नका, आउलबेअर रोडिओवर (ब्राउझरमध्येच चालणारी साधी मॅपची साइट) मॅप टाका, लिंक पाठवा आणि खेळून घ्या.