वाड्यातल्या जुन्या ठासणीच्या पिस्तुलाला बफिंग करून काळं पॉलिश करावं का?

नका करू; गंजापेक्षा बफिंगने त्या पिस्तुलाची किंमत लवकर जाईल. मी जुन्या हत्यारांची निगा राखतो, त्यावरून सांगतो. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ अंगाचे: लोखंडावर वर्षानुवर्षं बसलेली तपकिरी झाक, नळीच्या धारदार कडा, कारागिराचा ठसा, कोरलेली अक्षरं. बफच्या चाकाखाली कडा गोल होतात, ठसे पुसट होतात, आणि दख्खनी कामात कोफ्तगरीची, म्हणजे लोखंडावर नक्षीसाठी बसवलेली, सोन्या-चांदीची तार असेल तर ती उडून जाते. तार फक्त ठोकून बसवलेली असते, खोल नसते. एकदा गेलेलं हे परत आणता येत नाही. शहरात कुणी गरम रसायनात बुडवून काळं करून देतो म्हणाला तरी नको. त्या उकळत्या कॉस्टिकच्या द्रावणात कथलाने डाग देऊन केलेले जोड सुटतात, आणि ठासणीच्या काळातल्या हत्यारावर तो निळा-काळा चकचकीतपणा जाणकाराला लांबूनच खोटा दिसतो. पितळी भागाला चिंचही लावू नका, ती देवघरातल्या समईपुरतीच!

ताजा, बोटाला लागणारा लाल गंज मात्र थांबवायलाच हवा: हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा, मऊ कापडाने पुसा, वर मेणाचा पातळ हात द्या. वाडा मराठवाड्यात असेल तर तिथली हवा कोकणासारखी दमट नाही, एवढ्यावर भागतं. पण हात लावण्याआधी नळीत जुनी दारू ठासलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या.