बिडाची फायरप्लेस: नक्षीवरून काळ कसा ओळखावा?

प्रश्न: लीड्समध्ये आम्ही १८९५च्या सुमाराचं घर घेतलं आहे. बैठकीच्या खोलीतली बिडाची फायरप्लेस कमानदार आहे, तिला टाइल्स नाहीत. झोपायच्या खोलीतल्या छोटीवर सूर्यफुलं आहेत, पण रंगाचे थर चढलेत. दोन्ही घराइतक्याच जुन्या असतील का? कमानीलगत टाइल्स बसवाव्यात का?

उत्तर: टाइल्स बसवू नका. कमानदार प्रकाराला त्या मुळातच नसत. ही घडण १८५०-६०च्या दशकांत जोरात होती आणि नक्षी, म्हणजे द्राक्षवेल किंवा फुलं, बहुतेक कमानीच्या कडेपुरतीच असे. त्याआधी, अठराव्या शतकात, मधे जाळी आणि दोन बाजूंना सपाट माथ्याच्या बिडाच्या पेट्या असत. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याच्या अशा ओतकामावर कलश, फुलमाळा, लंबगोल पदकं दिसतात.

१८७०नंतर तोंड चौकोनी झालं, बाजू तिरप्या झाल्या. तिरप्या बाजू उष्णता खोलीत फेकतात, हे शास्त्रज्ञ रमफर्डने १७९६ सालीच मांडलं होतं. याच बाजूंवर सहा इंची टाइल्स आल्या, साधारणतः एका बाजूला पाच. सूर्यफुलं, पंखे, जपानी पक्षी याच काळातले. नॉर्विचच्या बार्नार्ड, बिशप अँड बार्नार्ड्स या ओतकाम कारखान्यासाठी रचनाकार थॉमस जेकिलने केलेली कामं मुद्दाम पाहावीत, इतकी ती सुरेख आहेत. शतक संपताना लांब वळणदार देठ आणि कळ्या आल्या.

म्हणजे तुमची सूर्यफुलं घराशी जुळतात. कमान मात्र दुसऱ्या घरातून आणलेली किंवा नंतरची नक्कल असू शकते. नक्षीपेक्षा फायरप्लेसची मागची बाजू जास्त सांगते. तिथे टोकावर उभ्या चौकोनासारखा नोंदणीचा ठसा असेल, तर नमुना १८४२ ते १८८३मधला. १८८४पासून 'आरडी' (Rd, म्हणजे नोंदणीकृत) अक्षरं आणि क्रमांक येतो. पण ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची असते. एकच साचा कारखाने वर्षानुवर्षं वापरत, त्यामुळे ओतकाम बरंच नंतरचंही असू शकतं.

जुन्या फायरप्लेसवरूनच साचा घेतलेली नक्कल मूळ मापापेक्षा सुमारे एक टक्का लहान भरते, कारण बीड थंड होताना आकसतं. ३६ इंचांमागे साधारण एक तृतीयांश इंच. पाकळ्यांच्या कडाही बोथट होतात. मूळ नगाचं माप मिळालं तर ताडून पाहा.

छोटीवरचा रंग कोरडा घासू नका, हीट गनही लावू नका: जुन्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता आहे. रंग काढायची पेस्ट लावा, पाकीट सांगेल तितका वेळ ठेवा, लाकडी पट्टीने खरवडा. पाणी कमीत कमी वापरा आणि लगेच पुसा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज येतो. मग काळं ग्राफाइट पॉलिश पातळ चोळा. हातोडी लावू नका, बीड ठिसूळ असतं. आग पेटवण्याआधी धुराडं साफ करवून तपासून घ्या.