‘मी पापी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे

प्रिय मित्रा,

प्रार्थनेला बसलं की देवाच्या आधी अपराधीपणाच समोर येऊन बसतो, असं तू लिहिलंस. विश्वास ठेवायचा की सोडायचा, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी तुझे शब्द तपासू.

‘पश्चात्ताप’ घे. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे पोळणं. या शब्दाची नजर मागे आहे. बायबलात मार्क १:१५ मध्ये ‘पश्चात्ताप करा’ असं येतं, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद मात्र ‘मेटानोइया’चं आहे: मन पालटणं, वळणं. लॅटिन बायबलात या शब्दासाठी ‘पेनिटेन्शिया’ आला आणि लोकांनी त्यातून प्रायश्चित्ताचा विधी वाचला. १५१६ मध्ये डच विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, पुढच्याच वर्षी जर्मन धर्मसुधारक लूथरने चर्चला आव्हान देणारी ९५ विधानं मांडली, आणि त्यातली पहिली दोन याच शब्दाबद्दल आहेत.

आता ‘पाप’. त्यासाठीचा एक हिब्रू धातू जुन्या करारात शास्ते २०:१६ मध्ये अगदी साध्या अर्थाने येतो. ७०० डावखुरे गोफणवाले, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथलं ‘चुकणं’ म्हणजे हाच धातू. व्युत्पत्तीने सगळा अर्थ ठरत नाही आणि अपराध हलकाही होत नाही. पण नेम चुकला म्हटलं की कुठला दगड, कुठलं लक्ष्य, हे सांगावं लागतं. ‘मी पापी आहे’ म्हणताना तू नेमकं तेच सांगत नाहीस.

म्हणून कागद घे आणि दहा मिनिटांत एकच वाक्य लिही: कुणाच्या बाबतीत, केव्हा, काय केलं. ‘मी विश्वासघातकी आहे’ नको. ‘मंगळवारी रात्री मित्राने विश्वासाने पाठवलेला मेसेज मी तिसऱ्याला दाखवला’ असं हवं. वाक्य पूर्ण झालं तर ते ऋण आहे. झालंच नाही, तर बहुधा ती लाज आहे, भीती आहे किंवा दुसऱ्या कुणाची तुझ्याकडून असलेली अपेक्षा आहे. त्यासाठी क्षमा मागत राहिलास तर मन कधीच हलकं होणार नाही, कारण तिथे क्षमा करण्यासारखं काही घडलेलंच नाही.

‘ऋण’ हा शब्द मत्तय ६:१२ मधला, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतला. लूक ११:४ मध्ये त्याच जागी ‘पाप’ आहे. मला ऋण जास्त उपयोगी वाटतं. त्याला रक्कम असते, धनको असतो आणि ते फिटतं. गणना ५:७ मध्ये क्रम स्पष्ट आहे: कबुली, पूर्ण भरपाई, वर पाचवा हिस्सा. जकातदार जक्कयाने तर, ज्यांचं लुबाडलं असेल त्यांना चौपट देऊ केलं. मत्तय ५:२४ प्रमाणे दान वेदीपाशी ठेवून आधी त्या माणसाकडे जायचं. तिथे केलेली गोष्ट नाव घेऊन सांग. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द गाळ, नाहीतर दोष त्याच्या वाटण्यावर जातो. आणि उत्तर लगेच मागू नकोस. क्षमा कधी करायची, करायची की नाही, हे त्याने ठरवायचं.

सगळ्यात जास्त घोटाळा पुढे होतो. कबुलीने मोकळं वाटतं, काही तासांत शंका परत येते, मग पुन्हा कबुली. सुटका मिळते म्हणून मन तीच वाट धरतं. अशा शंकेला लॅटिनमध्ये ‘स्क्रूप्युलस’ म्हणतात, म्हणजे बारीक टोकदार खडा. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोलाही १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मनरेसात सांगून झालेली पापं पुन्हा पुन्हा सांगत असे. यावर उपाय उलटा आहे: कबुली एकदाच द्यायची, पुन्हा ऊर्मी आली की तिच्यामागे न जाता अस्वस्थता आपोआप उतरू द्यायची. रोज तासाहून जास्त वेळ यातच जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. तो ओसीडीचा, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यामागून येणारी तीच ती कृती थांबवता न येण्याच्या आजाराचा, प्रकार असू शकतो, त्याला उपचार आहेत, आणि डॉक्टरकडे जाण्याने विश्वासाला काडीचाही कमीपणा येत नाही.

रात्री फारच जड झालं तर १ योहान ३:२० वाच. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव त्या मनाहून थोर आहे, असं तिथे लिहिलंय.

कागदावरचं वाक्य मला पाठवू नकोस. ज्याचं आहे त्याच्याकडे ने.