खडकावरची गुलाबी फुलं रत्नागिरीत लागतील का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी रत्नागिरीची. मे महिन्यात लेकीकडे स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला गेले होते, तिथे समुद्राकाठी फिरायला गेलो तर खडकांच्या फटीत सगळीकडे गुलाबी गोंड्यासारखी फुलं. वारा एवढा की आम्हाला उभं राहवेना, लाटांचं पाणी उडतंय, आणि ही आपली मजेत डुलतायत. जावई म्हणाले याला थ्रिफ्ट म्हणतात. आमचंही घर समुद्राला लागून आहे, खाऱ्या वाऱ्याने बागेतलं सगळं जळतं. याचं बी आणून लावलं तर येईल का?

उत्तर: ताई, आधी सरळ सांगते, नाही येणार. पण तुम्ही जे बघितलंत ते इतकं सुंदर आहे की त्याबद्दल बोलायलाच हवं. याचं शास्त्रीय नाव आर्मेरिया मॅरिटिमा, आइसलंड, स्कॉटलंडपासून खाली युरोपच्या किनाऱ्यापर्यंत असतं. जवळून बघितलं असेल तर पानं गवतासारखी बारीक, जरा मांसल, आणि सगळं झाड जमिनीला चिकटून उशीसारखं, त्यामुळे वारा वरून निघून जातो. मूळ मात्र फटीत खोल गेलेलं असतं. आणि मिठाचं म्हणाल तर पानांवर बारीक ग्रंथी असतात, त्यातून जास्तीचं मीठ बाहेर टाकलं जातं. आपल्या खाडीतल्या तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात ना, तसाच प्रकार. ब्रिटनमधल्या जुन्या खाणींच्या शिसं-जस्त मिसळलेल्या मातीतसुद्धा हे वाढतं, एवढं चिवट.

आणि गंमत सांगू, हे आपल्या चित्रकाच्या कुळातलं आहे! चित्रकाचं फूल तोडताना बोटाला चिकटतं, ते त्याच्या हिरव्या पुष्पकोशावरच्या ग्रंथींमुळे.

थ्रिफ्ट म्हणजे इंग्रजीत काटकसर, आणि १९३७ पासून ब्रिटनच्या बारा कोनी तीन पेनीच्या नाण्यावर हेच झाड होतं, पैसे जपून वापरा म्हणणाऱ्या नाण्याला याहून चांगलं चित्र कुठलं मिळणार.

मग आपल्याकडे का नाही? मीठ नव्हे, उकाडा आणि ओल. पश्चिम स्कॉटलंडला पाऊस भरपूर पडतो तरी तिथे जगतं, कारण हवा थंड आणि पाणी खडकातून निथळून जातं. रत्नागिरीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात दमट गरमी, मुळाशी ओल राहिली की ती उशी मधूनच कुजायला लागते. शिवाय परदेशातून बी आणायला सरकारी परवाना आणि तिकडचं आरोग्य सर्टिफिकेट लागतं, बॅगेत टाकून आणू नका प्लीज.

तुमच्या अंगणासाठी मी मर्यादावेल सांगेन. भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत बघितली असेल, पान आपट्यासारखं दोन भागांचं, फूल जांभळट गुलाबी, सकाळी उमलतं. खारं वारं, तापलेली वाळू सगळं सोसते आणि जमिनीवर पसरत प्रत्येक पेराला मूळ धरते, म्हणून वाळूसुद्धा थोपून राहते. किनाऱ्यावरची उपटू नका, कुणाच्या अंगणात पसरली असेल तर मागून घ्या, दोन-तीन पेरांचा तुकडा जूनच्या पहिल्या पावसात वाळूमिश्रित मातीत आडवा पुरा, एक पेर वर ठेवा. कुंडीत नको हं, तिला पसरायला जागा लागते.