लोफोटेनला जायचंय? मार्च निवड

सोलापूरच्या उन्हातून सुटायला नॉर्वेतली लोफोटेन बेटं निवडलीस, छान केलंस. पण लगेच जुलैची तिकिटं काढू नकोस. मध्यरात्रीचा सूर्य मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दिसतो, खरं, गर्दीही तेव्हाच. माझं मत मार्च. उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इकडे आलेला असतो, गावोगावी लाकडी मांडवांवर मीठ न लावता वाळत टाकलेला दिसतो. रात्री पुरेशा काळ्या, त्यामुळे आभाळ निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशही. ६८ अंश उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे कडाका कमी. छळतो तो वारा. स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा वारा-पाऊस अडवणारं चांगलं जाकीट घे. मुख्य भूमीवरच्या बोडो शहरातून लोफोटेनमधल्या मोस्केनेसची फेरीबोट धर, समुद्रातून सरळ उठलेले डोंगर समोरून बघायला मिळतील. बाहेरचं जेवण फार महाग, शेंगाचटणी भरपूर ने. शेंगेन व्हिसाचं आत्ताच बघ.